रिकाम्या गाडीचं वजन

मी काट्यावर बसते. जमिनीत एक लांबलचक लोखंडी पाट बसवलेला आहे, त्यावर डंपर येऊन उभा राहतो आणि माझ्या समोरच्या पडद्यावर त्याचं वजन उमटतं. एवढंच माझं काम. एकोणीस वर्षं मी हेच करतेय. आधी भंगाराच्या गोदामात, मग वाळूच्या नाक्यावर, आणि गेली दोन वर्षं इथे, स्टेशनच्या मागच्या फाटकात. माणसं तोंडावर खोटं बोलतात, काटा बोलत नाही, असं माझं ठाम मत होतं. धाकटी बहीण म्हणते, तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी शब्द तोलून घ्यावे लागतात, नाहीतर तू पावती हातात देतेस. म्हणू दे. माझा तोंडाचा पट्टा चालतो, हे मीही नाकारत नाही.

स्टेशन फार जुनं. ते पाडून त्याच जागी तिप्पट मोठं उभं राहतंय, आणि गंमत म्हणजे गाड्या बंद नाहीत. एका बाजूला लोक गाडीत चढतात, दुसऱ्या बाजूला फलाट फुटतो. फुटलेलं सगळं आमच्या फाटकातून बाहेर जातं: काँक्रीट, विटा, फरशा, वाकलेल्या सळया, कधी प्रतीक्षालयाच्या भिंतीचा हिरवा रंग लागलेला तुकडा, कधी तिकीट खिडकीचा दगड, लोकांची कोपरं टेकून टेकून मधोमध खोलगट झालेला. या सगळ्याला आम्ही राडारोडा म्हणतो आणि त्याचा हिशोब सोन्यासारखा ठेवतो, कारण पूर्वी डंपरवाले तो नदीकाठी नाहीतर कुणाच्या मोकळ्या जागेत ओतून मोकळे व्हायचे. आता तसं चालत नाही. भरलेली गाडी इथे तोलायची, बावीस किलोमीटरवर जिथे हे भरडून खडी करतात त्या यार्डात पुन्हा तोलायची, आणि दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. शंभर किलोपर्यंत फरक चालतो. धूळ उडू नये म्हणून इथे मालावर पाणी मारतात, ते वाटेत गळतं. त्यामुळे यार्डात पोचेपर्यंत प्रत्येक गाडी चाळीस-पन्नास किलोंनी हलकी होतेच.

या सगळ्याचा पाया म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. रोज सकाळी, टाकी डिझेलने भरलेली, मागचा हौदा स्वच्छ, अशी गाडी काट्यावर घ्यायची. नोंदलेल्या वजनापेक्षा चाळीस किलोंहून जास्त फरक पडला की पडद्यावर लाल पट्टी येते आणि सुरक्षा साहेबांना बोलवावं लागतं. ते गाडी आतून-बाहेरून तपासतात. बहुतेकांची लाल पट्टी महिन्यातून एकदा तरी येतेच. हौद्याच्या कोपऱ्यात चिखल धरलेला असतो, नाहीतर सीटखाली ढापलेल्या सळया असतात. एकाच गाडीची कधी आली नाही. नंबर चौदा. उन्हाळा असो, पावसाळा असो, अकरा हजार सहाशे चाळीस.

चौदा नंबरच्या ड्रायव्हरला सगळे तोळेदादा म्हणत. ते आडनाव नव्हे. यांच्या गाडीत तोळ्याचाही फरक पडत नाही म्हणून पडलेलं नाव. वय सत्तावन्न, अंगाने काटकुळे, शर्टाचं गळ्याशी बटण लावलेलं, आणि हौदा खरवडायला स्वतःचं एक खुरपं. बाकीचे ड्रायव्हर चहाला पांगले की हे हौद्यात वाकून कोपरे खरवडत बसायचे, खरकटी कढई घासावी तसे. मी एकदा म्हटलं, “दादा, पन्नास जणांत तुम्ही एकटेच असे कसे?” तर म्हणाले, “ताई, रिकामी म्हणजे रिकामी. कालचा चिखल आज कशाला फिरवायचा?” यात मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. त्यांना खरंच चिखल आवडत नसे.

तर एका सकाळी चौदा नंबर काट्यावर आली. अकरा हजार सहाशे चाळीस. मी पावतीला हात घातला, सहज खिडकीतून नजर गेली, आणि पाहते तर स्टेपनी नाही. जादा चाक जिथे बांधलेलं असतं ती जागा मोकळी, साखळी लोंबतेय.

आता स्टेपनीचं वजन रिमसकट शंभर किलोच्या आसपास. स्टेपनी नाही तर आकडा शंभरने खाली यायला हवा. आला नाही. म्हणजे गाडीत दुसरं काहीतरी शंभर किलोचं होतं, आणि ते इतकं जोखून ठेवलेलं होतं की काट्याला पत्ता लागू नये. एकोणीस वर्षांत मला असं कुणी फसवलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी फाटकाचा दांडा पाडला, पायऱ्या उतरले आणि त्यांचं दार ठोठावलं.

“खाली उतरा.”

“काय झालं ताई?”

“काय झालं ते तुम्ही सांगा. स्टेपनी कुठेय? आणि तिच्या जागी काय भरलंय?”

त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. डंपरमध्ये सीटच्या मागे ड्रायव्हरला अंग टाकायला एक अरुंद फळी असते, तिच्यापुढे पडदा. त्या पडद्यामागून बाईमाणसाचा आवाज आला, “अहो, आलं का स्टेशन?”

मी पायरीवर चढून पडदा सारला. आत एक बाई पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे, मांडीवर पिशवी. एका बाजूला पाण्याचा वीस लिटरचा कॅन, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेली गादी, आणि पायाशी वर्तमानपत्रात बांधलेल्या पाच विटा. मला पाहून त्या तोंडभर हसल्या. “तुम्हीपण याच गाडीने का?”

तोळेदादा खाली उतरून हात जोडून उभे होते. “माझी बायको. ताई, पाच मिनिटं ऐका, मग साहेबांना बोलवा.”

ऐकलं. वहिनी तीस वर्षं एका लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायच्या. दोन वर्षांपूर्वी घड्या चुकायला लागल्या, मग घरचा रस्ता चुकायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, विसरायचा आजार आहे, वाढत जाईल. एकुलती मुलगी परगावी, तिच्या पदरात दोन लहान मुलं. तिने आईला नेलं, तर तिसऱ्या दिवशी आई “हे अजून कसे आले नाहीत” म्हणत घराबाहेर पडली आणि संध्याकाळी बस डेपोत सापडली. परत आणल्यावर दादा त्यांना घरात ठेवून, बाहेरून कुलूप लावून कामावर यायला लागले. एक दिवस घरी गेले तर दारावर आतून मारून मारून वहिनींचे दोन्ही हात सुजलेले.

“दिवसभर ‘अहो, अहो’ हाका मारत होती, शेजारणीने सांगितलं,” दादा म्हणाले. “माझ्याजवळ असली की शांत असते ताई. गाडीत तर अगदी. माझ्याशिवाय ती राहतच नाही. म्हणून मग...”

“म्हणून स्टेपनी काढून बायको घातली?”

“दवाखान्यातल्या काट्यावर तोलली तिला. एक्कावन्न भरली. बाकीचं विटांनी जुळवलं.”

मला हसूही येत होतं आणि रागही येत होता, आणि राग मला जास्त सवयीचा. नियम सरळ होता: डंपरमध्ये ड्रायव्हरशिवाय दुसरं माणूस सापडलं की ड्रायव्हर त्याच दिवशी बाद, पुन्हा या प्रकल्पाच्या कुठल्याच गाडीवर नाही. या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? काम गेलं तर चूल कशावर पेटणार, आणि काम ठेवायचं तर वहिनी पुन्हा कुलपाच्या आत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी त्यांना तिथेच झाडलं. “अहो, वीस टन दगड घेऊन, स्टेपनीशिवाय, तुम्ही पुलावर चढता? टायर फुटला तर भर पुलावर अडकून पडाल, मागून कोण येऊन धडकेल याचा नेम नाही. मग बायकोला कुठे लपवणार? एवढं गणित येतं तर थोडी अक्कलही वापरा!” त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. पडद्यामागून वहिनी म्हणाल्या, “बाई चिडक्या आहेत, पण खरं बोलतायत.”

साहेबांना मी बोलावलं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्या सुजलेल्या हातांचं डोक्यातून जाईना, एवढं खरं.

ठरलं ते असं. स्टेपनी जागेवर परत. गाडी काट्यावर यायच्या आधी वहिनी माझ्या खोलीशी उतरणार. दादा माल भरायला आत जाणार. तिथे अर्धा तास जातो आणि वरून दगड पडत असतात, तेवढा वेळ त्या माझ्याजवळ. भरलेली गाडी तोलून झाली की ती थोडी पुढे जाऊन रांगेत थांबते. तिथे चाकं धुतात आणि ड्रायव्हर खाली उतरून मालावर ताडपत्री बांधतो. त्या वेळी वहिनींनी पलीकडच्या दाराने चढून पडद्यामागे बसायचं. दिवसाच्या चार फेऱ्या, चार वेळा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या दिवशी मला धास्ती होती की अर्धा अर्धा तास या बाईशी बोलायचं काय. बोलावं लागलंच नाही, त्याच बोलायच्या. प्रत्येक वेळी नव्याने ओळख. “तुम्ही इथे नवीन का हो?” एकोणीस वर्षं झाली या कामात. “अगंबाई, मग पगार चांगला असेल.” दिवसातून चार वेळा हेच. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून मी उत्तरं बदलायला लागले. कधी सांगायचे आजच लागले, कधी सांगायचे मी या स्टेशनची मालकीण. मालकीण म्हटल्यावर त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, “मग हे सगळं मोडू कसं दिलंत?”

रिकामं बसणं त्यांना जमत नसे. पावतीच्या तीन प्रती निघतात, पांढरी, गुलाबी, पिवळी. गठ्ठा हातात दिला की त्या कडेला कड जुळवून अशी घडी घालायच्या की दिवसभर खिशात राहिली तरी पावती चुरगळायची नाही. यार्डातल्या कारकुनाने फोन करून विचारलं, “ताई, तुमच्याकडे इस्त्री आलीय का?” ड्रायव्हरांना तर कळलंच होतं. पन्नास ड्रायव्हर आणि एक गुपित, किती टिकणार? पण एकानेही तोंड उघडलं नाही. साहेबांची मोटारसायकल दिसली की रांगेतून कुणीतरी दोनदा हॉर्न वाजवायचं, आणि वहिनी टेबलाखालच्या स्टुलावर बसायच्या. त्यांना तो लपाछपीचा खेळ वाटायचा. कधीकधी मलाही.

एकदा मात्र साहेब चालत आले. हॉर्न नाही, काही नाही, थेट दारात. सव्वीस-सत्तावीसचं वय, हेल्मेटचा पट्टा कायम हनुवटीखाली आवळलेला.

“या कोण?”

“माझी मोठी बहीण,” मी म्हटलं. “डबा द्यायला आलीय.” एकोणीस वर्षांत वरिष्ठांशी बोललेलं पहिलं खोटं.

“डबा?” वहिनी म्हणाल्या. “कुठेय डबा? मला कुणी दिलाच नाही.” मग साहेबांकडे निरखून पाहत, “आणि तू जेवलास का रे? किती वाळलाहेस. आईला कळवतोस का खरं?”

साहेब कान लाल होईपर्यंत उभे राहिले. “जेवतो,” म्हणाले आणि निघून गेले. मी घटाघटा पाणी प्यायले.

असे सात महिने गेले. वहिनी हळूहळू उतरणीला लागल्या होत्या, हे दिसत होतं. कधीकधी दादा घ्यायला आले की त्या त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघायच्या. दादा मग दारातच थांबायचे, रुमालाने मान पुसायचे आणि मिनिटभराने पुन्हा हाक मारायचे. ओळख पटली की काही झालंच नाही असं दोघंही वागायचे. मीही खिडकीबाहेर बघायचे.

त्या दिवशी दुसरी फेरी होती, बाराचा सुमार. दादा आत माल भरत होते. काट्यावर एक डंपर आला, माल हौद्याच्या काठाच्या हातभर वर. मी म्हटलं कमी करून आण, ड्रायव्हर म्हणाला चालतं. मला “चालतं” हा शब्द चालत नाही. मी खाली उतरले आणि आमची जुंपली. दहा मिनिटं गेली असतील. जिंकले मीच, तो बडबडत गाडी मागे घेऊन गेला. वर येऊन पाहते तर खुर्ची रिकामी. टेबलावर पावत्या नीट घडी घातलेल्या. पिशवी नाही, वहिनी नाहीत.

शौचालय पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. पायी कुणीच बाहेर गेलं नाही, तो शपथेवर म्हणाला. म्हणजे त्या आतच होत्या. आणि आत म्हणजे काय? तीन मजले खोल खड्डा, त्याच्या काठाला नुसत्या पिवळ्या फिती, डोक्यावर फिरत्या क्रेन, मागे न बघता वळणारे खोदाईचे पोकलेन. ज्या बाईला घरचा रस्ता आठवत नाही तिला पिवळी फीत काय कळणार?

तेवढ्यात चौदा नंबर भरून आली. मी धावत जाऊन सांगितलं. दादा गाडी तिथेच सोडून उतरले.

“ताडपत्रीच्या रांगेत चार गाड्या होत्या,” मी म्हटलं. “त्यातल्या एखादीत तर चढल्या नसतील? सगळ्या सारख्याच दिसतात.”

“छे! दुसऱ्याच्या गाडीत ती पाऊल टाकणार नाही. माझ्याशिवाय कुणाजवळ जाते का ती?”

मला ते पटलं. सात महिने तेच तर ऐकत होते. ते खड्ड्याकडे धावले, त्यांच्यामागे मी. घाईत त्यांचा फोनही गाडीतच राहिला.

वीस मिनिटं आम्ही दोघं फिरलो. हाका मारल्या तर त्या धडधडाटात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नव्हता. खड्ड्याच्या काठाशी एक पोकलेन मागे मागे येत होता, त्याच्यामागे पत्र्याचा आडोसा, आणि आडोशाआड कोण आहे ते दिसत नव्हतं. दादांनी हात हलवले, ओरडले. पोकलेन येतच होता. जवळच्या मुकादमाच्या कमरेला वॉकीटॉकी होता. दादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यावर बोललेलं सगळ्या प्रकल्पाला ऐकू जातं, क्रेनवाल्यापासून सुरक्षा साहेबांपर्यंत. ते काय करणार आहेत हे मला कळलं, आणि मी त्यांना अडवलं नाही.

“मी चौदा नंबरचा ड्रायव्हर बोलतोय,” ते म्हणाले. “माझी बायको इथे आत हरवलीय. तिला काही आठवत नाही. मी तिला रोज गाडीत घालून आणतो, सात महिने झाले. चूक माझी आहे. फक्त मशीन थांबवा. पाया पडतो सगळ्यांच्या, मशीन थांबवा.”

पोकलेन थांबला. मग क्रेन थांबल्या, मग ड्रिल. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिथे इतकं शांत झालं की पलीकडच्या फलाटावरची गाडीची घोषणा ऐकू आली. माणसं काम टाकून वहिनींना शोधायला लागली. पत्र्याच्या आडोशाआड सिमेंटच्या गोण्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं. सुरक्षा साहेब स्वतः खड्ड्यात उतरले. उतरताना मला म्हणाले, “तुम्ही काट्यावर जा. बारानंतर काय काय बाहेर गेलं, यादी काढा.”

मी खुर्चीत बसले. बारानंतर त्याच चार गाड्या गेल्या होत्या. यादी काढता काढता त्यांचे यार्डातले आकडे पडद्यावर एकेक करून यायला लागले. एकतीस नंबर, साठ किलो कमी. आठ नंबर, चाळीस कमी. एकोणीस नंबर, पन्नास कमी. सत्तावीस नंबर, फरक शून्य.

शून्य? माल भिजवलेला, पाणी गळणारच, शून्य येईलच कसा? पाणी गळालं पन्नास किलो, आणि पन्नास किलो कुठूनतरी परत आलं. मी यार्डात फोन लावला.

“सत्तावीस नंबर रिकामी होऊन निघाली का? रिकामं वजन किती भरलं?”

“आत्ताच निघाली. पन्नासने जास्त होतं,” कारकून म्हणाला. “चिखल असेल म्हणून सोडली. का हो?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार गाड्या, चार ड्रायव्हर. वहिनी दिसेनाशा झाल्या तेव्हाच मी चार फोन केले असते, तर वॉकीटॉकीवर कुणाला काही सांगावंच लागलं नसतं. जिने जन्मभर माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, तिने नेमक्या त्या दिवशी ठेवला. आणि मुळात त्या माझ्याच खोलीतून गेल्या, मी हातभर मालावरून भांडत होते तेव्हा. ही टोचणी मला अजून आहे, आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं.

सत्तावीस नंबर फाटकात शिरली तेव्हा सगळे तिथे जमले होते. तिचा ड्रायव्हर तिशीतला, दंडावर वाघ गोंदवलेला, तोंडाने सतत गाणी म्हणणारा. त्याच्या शेजारी, पडद्यामागे नव्हे, चक्क पुढच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या. काच खाली केलेली, केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा फुललेला.

तो उडी मारून उतरला आणि आधी दादांकडे आला. “यार्डात हौदा उचलला तेव्हा पडद्यामागून ओरडल्या, तेव्हा कळलं. किती फोन केले तुम्हाला! म्हटलं, बोभाटा नको, गुपचूप घेऊन यावं...” मग त्याने भोवतालची हेल्मेटं पाहिली, त्यात साहेबांचंही पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकला.

“त्रास दिला का तिने?” दादांनी विचारलं.

“छे हो. मलाच ‘अहो’ म्हणत होत्या.” तो वाघवाला गडी लाजला. “गाडी हळू चालवा म्हणाल्या, शर्टाचं बटण लावा म्हणाल्या. मी आपला हो म्हणत राहिलो.”

दादा दाराशी गेले आणि हात पुढे केला. “चल, उतर.”

वहिनींनी हात धरला नाही. त्या आदबीने म्हणाल्या, “तुम्ही इथे कामाला का? जरा थांबा हं. आमचे हे येतीलच आता.” आणि त्यांनी सत्तावीस नंबरकडे बोट दाखवलं.

एवढी माणसं होती, कुणी हसलं नाही. दादा म्हणाले, “हो, इथेच कामाला आहे,” आणि हात तसाच पुढे धरून उभे राहिले. शेवटी सत्तावीस नंबरनेच त्यांना उतरवून घेतलं.

मग माझ्या खोलीत आम्ही पाच जण दाटीवाटीने. साहेबांनी हेल्मेट काढलं. मी त्यांचे केस पहिल्यांदाच पाहिले.

“नियम तुम्हाला माहीत आहे,” ते दादांना म्हणाले.

“हो साहेब.”

“मी लिहिणार आहे की नात्यातली एक बाई चुकून आत आली. सात महिने वगैरे मी ऐकलं नाही, माझ्या वॉकीटॉकीला खरखर होती. उद्यापासून गाडी चालवा. पण त्या गाडीत नकोत, फाटकातही नकोत. यांची कुठेतरी सोय करा.”

“सोय आहे ना!” सत्तावीस नंबर म्हणाला. “माझी आई दिवसभर घरी एकटी, बोलायला माणूस शोधत असते. सकाळी सोडा, संध्याकाळी घेऊन जा. आज बघितलंत ना, कशा मजेत होत्या.”

“सुटलो!” मी मोठ्याने म्हटलं. खरंच सगळं जमून आलं होतं. काम टिकलं, कुलूप नको, वहिनींना सोबत. दादा मात्र वहिनींच्या खुर्चीपुढे उकिडवे बसून त्यांच्या चपलेचा बंद लावत होते.

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. बघता बघता म्हणाल्या, “अहो, केवढा घाम आलाय. थांबा.” पिशवीतून रुमाल काढून त्यांनी दादांची मान पुसली, कपाळ पुसलं. दादांनी डोळे मिटून पुसून घेतलं. मग ते उठले आणि गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

“साहेब, फार उपकार झाले. पण उद्यापासून मी नाही.”

माझा पारा चढला. “डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? साहेब सोडतायत, हा घर देतोय, आणि तुम्ही हातचं काम लाथाडता? खाणार काय?”

“घरातली एक खोली भाड्याने देईन. करू काहीतरी.”

“पण कशासाठी? वहिनी राहतील हो त्याच्या आईजवळ!”

“राहील,” दादा म्हणाले. “तेच तर आज कळलं ताई. मला वाटायचं, ती माझ्याशिवाय राहत नाही. राहते. कुणाजवळही राहते.” त्यांनी वहिनींची पिशवी उचलली. “पण अजून दिवसातून अर्धा वेळ ती मला ओळखते. पुढच्या वर्षी तेवढंही नसेल. तो अर्धा वेळ मी बावीस किलोमीटर लांब दगड ओतत बसू?”

साहेबांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातलं, पट्टा लावायला त्यांना बराच वेळ लागला. सत्तावीस नंबर बाहेर जाऊन आपल्याच गाडीच्या टायरला उगाच लाथा मारत राहिला.

दादांनी वहिनींचा हात धरला. “गाडी?” वहिनींनी विचारलं. “आज चालत.” “लांब आहे का हो?” “नाही गं, हे काय, आलंच.” त्यांच्या घराला चालत तासभर लागतो, मला माहीत होतं. पत्र्याच्या कुंपणाच्या सावलीतून दोघं सावकाश निघाले. वहिनी काहीतरी विचारत होत्या, ते उत्तर देत होते.

मला रडू आवरेना. बाहेर काट्यावर कधीची एक गाडी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी खिडकी उघडली आणि त्याला इतकं अद्वातद्वा बोलले की तो बिचारा हॉर्नवरचा हात काढून सीटवर खाली सरकून बसला. त्याची काहीच चूक नव्हती.